साहेबाचे गुरू : मुंबई इलाख्यातील शिकाऊ मुलकी अधिकारी

(महसूल खात्यात नव्याने दाखल झालेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोमंतकातील तालुक्याच्या कचेरीवर ‘मामलेदार’ ही पाटी दिसू लागली ती १९६१ च्या मुक्तीनंतर. त्यापूर्वी पोर्तुगीज अमदानीत त्या जागी ‘आदमिनिस्त्रादोर’ बसत असे. मामलेदार, तलाठी, अव्वल कारकून ही नावे आणि त्यांच्यामागची कामाची रीत सह्याद्रीपलीकडच्या जुन्या मुंबई इलाख्यातून इकडे आली. बेळगाव-खानापूरच्या बाजूला तर ती १८१८ पासूनच चालत आलेली आहे. ज्या खुर्चीवर आपल्यापैकी काहीजण आज ना उद्या बसणार आहेत, त्या खुर्चीचा पूर्वेतिहास म्हणूनच थोडा तपशिलाने पाहणे अगत्याचे ठरते.

या इतिहासात एक विलक्षण विसंगती आहे. परक्या राज्यकर्त्यांनी विशी-बाविशीतील तरुण समुद्रापलीकडून आणून जिल्ह्यात नेमले आणि त्यांना कारभार शिकविण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच हाताखालच्या माणसांवर येऊन पडले. शिकणारा वरिष्ठ आणि शिकविणारा कनिष्ठ, असा हा उलटा गुरुकुलाचा प्रकार होता. शिष्य बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जाई, बढती घेई. गुरू मात्र त्याच कचेरीत पुढच्या शिष्याची वाट पाहत बसे. या उलट्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभीच्या दिवसांत मुलकी नोकराला ‘रायटर’ म्हणत. वशिला हीच त्याची पात्रता. कंपनीच्या डायरेक्टरांपैकी कोणाची तरी शिफारस मिळाली की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जहाजावर चढत असे. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७९६ मध्ये कलकत्त्यास उतरला तेव्हा त्याचे वय अवघे सोळा होते. एल्फिन्स्टन हा मुळात व्यासंगी. त्याने स्वतःला घडविले. पण प्रत्येक रायटर काही एल्फिन्स्टन नव्हता, आणि व्यापारी कंपनी आता मुलूख राखू लागली होती. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या पोराने न्याय द्यावयाचा, सारा ठरवावयाचा, हे जमणार कसे?

ही अडचण ओळखून गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. डायरेक्टरांना हा खर्च मुळीच रुचला नाही. त्यांनी त्या संस्थेला भाषा शिकविण्यापुरते ठेवले आणि १८०६ मध्ये इंग्लंडातच आपले स्वतंत्र कॉलेज सुरू केले. तेच पुढे हेलिबरी म्हणून ओळखले गेले. तथापि कलकत्त्याच्या कॉलेजाचा मराठीशी जो संबंध आला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशातील मराठी शब्द मोडी ठशांत छापलेले होते. या कामी कॅरींच्या मागे उभे होते ते नागपूरकडचे पंडित वैजनाथ. ‘सिंहासन बत्तिशी’सारखी वाचनपुस्तके तयार झाली ती याच कॉलेजातील तरुण साहेबांनी मराठी वाचावयास शिकावे म्हणून. मराठीतील आरंभीची छापील पुस्तके वाचकांसाठी निघण्याआधी शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी निघाली, ही गोष्ट गमतीची खरीच. त्या पुस्तकांतील मराठी फार सफाईची नव्हती, हे मान्य करूनही वैजनाथ पंडितांचे नाव आजच्यापेक्षा अधिक आदराने घेतले जावे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टन नव्याने जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला. त्याच्यापुढे माणसांचा प्रश्न उभा राहिला. मराठी जाणणारे, मुलूख फिरलेले मुलकी नोकर मोजकेच होते. म्हणून खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज, अहमदनगरास कॅप्टन पॉटिंजर, पुण्यास कॅप्टन रॉबर्टसन, साताऱ्यास ग्रँट डफ असे लष्करी पेशाचे अधिकारी त्याने नेमले. दक्षिणेस धारवाडकडे चॅपलिन हा मुलकी अधिकारी होता. एल्फिन्स्टनचे धोरण एका वाक्यात सांगावयाचे तर, चालत आलेले शक्य तोवर मोडू नये. पेशवाईतील कमाविसदार-मामलेदाराची जागा त्याने ठेवली. फरक एवढाच केला की त्यास ठराविक मासिक वेतन बांधून दिले. पाटील-कुलकर्णी ठेवले. दप्तर मोडीत होते, ते मोडीतच राहिले. नवा होता तो फक्त वर बसणारा मनुष्य.

हा वर बसणारा मनुष्य किती उघडा होता, याचे दर्शन कित्तूरला घडले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे हा राणी चन्नम्मेच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्याचे दोन असिस्टंट, इलियट आणि स्टीव्हन्सन, कित्तूरकरांच्या हाती ओलीस सापडले. त्यांतील वॉल्टर इलियट जेमतेम एकवीस वर्षांचा होता. डिसेंबरात किल्ला पडण्यापूर्वी दोघांनाही सुखरूप सोडून देण्यात आले. दत्तक नामंजूर करण्याचा हुकूम कागदावर सोपा असतो. तो बजावण्यासाठी जेथे जावे लागते तेथील माणसे त्या दत्तकाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे हेलिबरीच्या वर्गात कोणी शिकविलेले नसते. या इलियटने पुढे कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला जमविल्या, ही त्याच कथेची दुसरी बाजू.

भाषेचे साधन मात्र हळूहळू सुधारत गेले. कॅप्टन मोल्सवर्थ याने कँडी बंधूंच्या साहाय्याने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये बाहेर पडला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शब्द वेचण्याचे, त्यांचे अर्थ पारखण्याचे काम शास्त्रीमंडळींनी केले. सारा, वतन, इनाम, पड, बागायत, खंड, पट्टी या शब्दांच्या छटा त्यांनी उलगडून दाखविल्या नसत्या, तर साहेबाला एक अर्जही धड कळला नसता. आजही एखाद्या जुन्या महसुली शब्दावर वाद झाला की जाणकार मोल्सवर्थच उघडतात. गोव्याकडे पाहिले तर तेथेही हीच गरज निराळ्या रीतीने भागविलेली दिसते. पोर्तुगीज सरकारने ‘लिंग्वा दो एस्तादो’, म्हणजे राज्याचा दुभाषा, असे पदच निर्माण केले होते आणि ते बहुधा स्थानिक सारस्वत घराण्यांतील पुरुषांकडे असे. पोर्तुगीज अधिकाऱ्याने भाषा शिकण्याऐवजी दुभाषा पदरी ठेवला. इंग्रजाने भाषा शिकण्याची परीक्षा ठेवली. दोघांचेही काम अखेर भाषा जाणणाऱ्या स्थानिक माणसावाचून अडले, ते अडलेच.

आता ज्या प्रकरणावर जरा रेंगाळणे आवश्यक आहे ते पुणे जिल्ह्यातील. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा पुण्याच्या कलेक्टरचा तरुण असिस्टंट. तो हेलिबरीचा हुशार विद्यार्थी होता. तेथे अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक म्हणजे प्रत्यक्ष माल्थस. जमिनीचा खंड म्हणजे काय, लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न कसे काढावे, त्यात सरकारचा हक्क कोणता, हे सिद्धांत त्या काळी नवे होते आणि प्रिंगलने ते मनोभावे आत्मसात केले होते. त्याच्याकडे जमिनीच्या मोजणीचे व आकारणीचे काम सोपविण्यात आले. त्याने शेते मोजविली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक अंदाजले, नांगरट, बी, बैल, मजुरी यांचा खर्च मांडला, आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. तर्कदृष्ट्या यात खोट काढणे कठीण. १८३० मध्ये ही आकारणी लागू झाली.

आणि ती कोसळली. पिकाचे व खर्चाचे हजारो आकडे प्रिंगलने स्वतः मोजलेले नव्हते. ते आणले होते गावोगाव फिरणाऱ्या कारकुनांनी. त्यांतील कित्येकांनी ज्याने हात ओला केला त्याची जमीन हलकी लिहिली आणि ज्याने केला नाही त्याची भारी. जे प्रामाणिक होते त्यांनाही एका शेताचे निव्वळ उत्पन्न सांगणे अवघडच होते, कारण तशा भाषेत शेतकऱ्याने आपल्या शेताकडे कधी पाहिलेलेच नव्हते. त्यात धान्याचे भाव पडलेले. इंदापूरकडच्या कोरड्या मुलखात सारा भरता येईना. शेते पड पडली, माणसे घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. विद्वान असिस्टंटाच्या गणिताची परीक्षा रयतेच्या घरी झाली.

ती चूक निस्तरण्याचे काम ज्याच्याकडे आले तोही एक असिस्टंटच होता. हेन्री गोल्डस्मिड त्याचे नाव. त्याच्या जोडीला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनियर. १८३५-३६ च्या सुमारास या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम मांडले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. शेतात खड्डा घ्यावयाचा, माती काळी, तांबडी की भुरकट ते पाहावयाचे, तिची खोली हाताने मोजावयाची, चुनखडी, वाळू, पाणी लागणे, उतार असे दोष टिपावयाचे, आणि त्यावरून जमिनीची प्रत आण्यांत लावावयाची. उत्तम जमीन सोळा आणे, आणि तेथून खाली उतरत एकूण नऊ प्रती. ही प्रतबंदी एका जमिनीचे दुसरीशी नाते सांगे. सरकारने एकंदर किती घ्यावयाचे ते मात्र मागील वर्षांच्या वसुलावरून, बाजाराच्या अंतरावरून, पावसापाण्यावरून वेगळे ठरे. एकदा ठरलेला आकार तीस वर्षे बदलावयाचा नाही. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धती निश्चित झाली.

या पद्धतीचा शिकाऊ अधिकाऱ्याच्या शिक्षणावर जो परिणाम झाला त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रत लावणारा कारकून येथेही होता. पण तो जे लिही ते डोळ्यांनी तपासता येई. कारकुनाने दहा आणे लिहिलेल्या शेतात साहेबाने स्वतः खड्डा घेतला आणि माती दुसरेच काही सांगू लागली, तर कारकुनाला जाब द्यावा लागे. निव्वळ उत्पन्नाचा आकडा असा उकरून पाहता येत नव्हता. तंबू ठोकून थंडीच्या दिवसांत तालुकाभर फिरावयाचे, चार-दोन शेतांची अशी झडती घ्यावयाची, पाटलाला, रयतेला समक्ष विचारावयाचे, हाच पुढे असिस्टंट कलेक्टरच्या शिक्षणाचा कणा बनला. ‘फिरती’ हा शब्द महसूल खात्यात आज प्रवासभत्त्याच्या बिलापुरता उरला असेल; मूळ अर्थाने ती पाठशाळा होती.

१८५३ च्या सनदेने वशिल्याची भरती संपविली आणि १८५५ पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली. हेलिबरी थोड्याच वर्षांत बंद पडले. परीक्षा लंडनला, वयाची मर्यादा प्रथम २३, मग २२, १८६६ मध्ये २१, आणि १८७८ पासून अवघी १९. ती पुन्हा २३ पर्यंत वर गेली ती १८९२ मध्ये. वय जितके कमी, तितकी हिंदी विद्यार्थ्यांची वाट बिकट. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि या बंगाली अधिकाऱ्याने मराठी इतकी आत्मसात केली की तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. १८६९ मध्ये चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी गृहस्थ होते. पण त्यांच्या आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या वयाविषयी शंका काढून दोघांनाही यादीतून वगळण्यात आले. आपल्याकडे ‘सोळावे लागले’ म्हणून सोळा सांगण्याची चाल. इंग्रजांकडे पुरी झालेली वर्षे मोजण्याची. या एवढ्या फरकापायी इंग्लंडच्या न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कोठे नावे परत आली.

उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने इंग्लंडात आणखी एक-दोन वर्षे काढावयाची असत. त्या अवधीत कायदा, हिंदुस्थानचा इतिहास आणि ज्या इलाख्यात जावयाचे तेथील भाषा यांचा अभ्यास होई. न्यायालयात बसून खटल्यांचे वृत्तांत लिहून काढावे लागत. ही कल्पना खरोखर चांगली होती. साक्ष कशी घेतात हे पुस्तकातून कळत नाही. शेवटी घोड्यावर बसण्याची परीक्षा. लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले अरविंद घोष या घोड्याच्या परीक्षेला हजर न राहिल्याने १८९२ मध्ये बाद झाले आणि १८९३ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. तेथे त्यांना प्रथम जमीन मोजणी खात्यातच काम मिळाले.

बडोद्याचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बारा वर्षांचे सयाजीराव १८७५ मध्ये गादीवर आले. त्यांच्या शिक्षणासाठी इलियट नावाचा मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी नेमला गेला, आणि १८८१ मध्ये दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांच्यापुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांत मोठे सिद्धांत थोडे आणि रोजच्या व्यवहाराच्या सूचना फार. एका मुरलेल्या हिंदी प्रशासकाने तरुण अधिपतीला उघडपणे, शिक्षक या नात्याने शिकवावे, हे संस्थानात घडू शकले. शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यात शिरस्तेदार साहेबाला शिकवीत असे, पण ते शिकविणे आहे हे दोघेही कबूल करीत नसत.

त्या शिरस्तेदाराची कचेरी आता पाहू. नवा असिस्टंट कलेक्टर जिल्ह्यात येतो. पगार दरमहा चारशेच्या आसपास. त्याला आरंभी तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचे अधिकार मिळत; १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणे तो एक महिन्याची कैद किंवा पन्नास रुपये दंड एवढीच शिक्षा देऊ शके. भाषा, महसुली कायदा, फौजदारी कायदा, हिशेब यांच्या खात्याअंतर्गत परीक्षा प्रथम खालच्या इयत्तेच्या, मग वरच्या इयत्तेच्या. त्या उतरल्यावर अधिकार वाढत, तालुके ताब्यात येत आणि दोन वर्षांची कैद देण्याचा पहिल्या वर्गाचा अधिकार हाती येई. परीक्षेसाठी तो पदरचा मुन्शी ठेवी. छापील बाळबोध त्याला लवकर वाचता येई. पण अर्ज, जबाब, पंचनामा, पावती हे सारे घाईने लिहिलेल्या मोडीत. तेथे भल्याभल्यांची गाडी अडे.

म्हणून कचेरीत अर्ज वाचून दाखविला जाई. कारकून वाचीत असे, साहेब ऐकत असे, इंग्रजीत हुकूम लिहीत असे आणि तो हुकूम पुन्हा कारकून मराठीत उतरवीत असे. या दोन उताऱ्यांच्या मधली जागा हीच सत्तेची खरी जागा. कोणता अर्ज सकाळी, साहेब ताजातवाना असताना वाचावयाचा आणि कोणता दिवे लागताना; कोणते वाक्य सावकाश आणि कोणते भरभर; कोणत्या अर्जाला जोडून जुना निवाडा काढावयाचा आणि कोणत्याचा निवाडा ‘दप्तरी सापडत नाही’, हे सारे त्या बैठकीवर ठरे. प्रामाणिक शिरस्तेदार या जागेचा उपयोग साहेबाला चुकीपासून वाचविण्यासाठी करी, आणि असे शिरस्तेदार पुष्कळ होते. पण रयतेचे भवितव्य एका माणसाच्या प्रामाणिकपणावर टांगून ठेवणारी पद्धती काही चांगली म्हणता येणार नाही.

महात्मा फुले यांनी नेमके याच जागेवर बोट ठेवले. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ऐषआरामी गोऱ्या अधिकाऱ्याची आणि त्याच्या आडून शेतकऱ्याला नाडणाऱ्या ब्राह्मण कामगारांची जी झाडाझडती घेतली, तिचा रोख व्यक्तींपेक्षा भरतीच्या पद्धतीवर होता. साहेब भाषेला परका, कचेरी एकाच वर्गाच्या हाती, आणि शेतकऱ्याच्या घरातला एकही मुलगा त्या बैठकीवर नाही. मग अर्ज वाचणार कोण आणि कसा? फुल्यांची भाषा कित्येकांना फार कडक वाटली. दप्तरे चाळणाऱ्या आजच्या अभ्यासकाला ती तशी वाटत नाही.

साहेबाने भाषा उत्तम शिकली म्हणजे सर्व काही साधले, असेही मात्र झाले नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृत जाणणारा, मराठी बोलणारा, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती त्याने मागविली आणि तिच्यावरून कोकण-गुजरातेतील लोकसाहित्याचे संकलन पुढे एन्थोव्हेनने सिद्धीस नेले. हाच जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडला. ज्या सरकारने बाबाराव सावरकरांना जन्मठेपेवर धाडले, त्या सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी त्या क्षणी कलेक्टर होता, पंडित नव्हता.

येथवर वरच्या अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा विचार झाला. खालच्याचे शिक्षण कसे होई? त्याचे नाव उमेदवारी. ओळखीपाळखीने कचेरीत शिरावयाचे, वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, बिनपगारी नकला करीत बसावयाचे, जागा मोकळी झाली की दहा-बारा रुपयांचा कारकून व्हावयाचे. उमेदवाराचे पोट या काळात कशावर भरे, हा प्रश्न सरकारने सहसा विचारला नाही. अर्जदाराला त्याचे उत्तर ठाऊक असे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाल्यानंतर पदवीधर आले, परीक्षा आल्या, मामलेदारीवर शिकलेली माणसे दिसू लागली. हे मामलेदार कामात वाकबगार होते. पण त्यांची नेमणूक, बदली, बढती ही सर्व विभागाच्या कमिशनरच्या मर्जीवर होती, आणि तेथे ना परीक्षा होती ना नियम.

याचा परिणाम १८८८ मध्ये उघडकीस आला. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर मामलेदारांकडून बढत्या-बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप आला. क्रॉफर्ड काही सामान्य असामी नव्हता. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्याने नाव गाजविले होते. त्याचा हात सढळ, कर्ज डोंगराएवढे, आणि देवघेव हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत. पुण्यास चौकशी आयोग बसला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभय दिले : खरे सांगा, तुमच्या नोकरीस धक्का लागणार नाही. मामलेदारांनी साक्षी दिल्या. कोणी बदली टळावी म्हणून, कोणी कोकणातल्या दूरच्या तालुक्यातून सुटका व्हावी म्हणून, कोणी न्याय्य असलेली बढती मिळावी म्हणून पैसे दिले होते. दागिने मोडून दिले, कर्ज काढून दिले.

आयोगाने लाचेचा आरोप शाबीत मानला नाही. आपल्याच हद्दीतील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डला नोकरीतून जावे लागले, एवढेच. मग इंग्लंडात ओरड सुरू झाली : पैसे देऊन जागा मिळविणारे मामलेदार न्यायासनावर कसे बसू द्यावयाचे? दिलेले अभय सरकारला पुरते पाळता आले नाही. ज्यांनी आपखुशीने पैसे दिले असे ठरविण्यात आले त्यांना काढून टाकण्यात आले. मध्यस्थ तुरुंगात, साक्षीदार घरी, आणि ज्याच्यासाठी पैसे गोळा झाले तो लाचेच्या आरोपातून मोकळा. लोकमान्य टिळकांनी हे प्रकरण उचलून धरले. सरकारने शब्द दिला होता तो पाळला पाहिजे, अशी त्यांची भूमिका. १८८९ च्या सप्टेंबरात पुण्यात त्यासाठी जाहीर सभा भरली. टिळकांनी मामलेदारांच्या कृत्याचे समर्थन केले नव्हते. पैसे मागणारा वर बसलेला आणि देणारा त्याच्या मर्जीत अडकलेला, अशा स्थितीत दोघांचा अपराध एका मापाने मोजू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१८८६-८७ मध्ये ॲचिसन आयोगाने हिंदी लोकांच्या भरतीचा विचार केला आणि त्यातून प्रांतिक सेवेची स्वतंत्र शिडी उभी राहिली. लंडनची परीक्षा हिंदुस्थानातही घेण्यास मात्र १९२२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात मामलेदारांच्या बदल्यांचे कागद हळूहळू अधिक नियमाने चालू लागले. नोकरीतून गेलेला क्रॉफर्ड विलायतेस परतला आणि दख्खनच्या आठवणींवर पुस्तके लिहीत बसला. मुंबईत त्याच्या नावाने बांधलेल्या मंडईला पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र ते अजून क्रॉफर्ड मार्केटच आहे.